सतरा नंबरचा बिघाड

पगारे मॅडमनी मला पहिल्याच रविवारी पाऊण तास दाराबाहेर बसवून ठेवलं होतं. वेळ दहाची होती, मी सव्वादहाला पोचलो होतो. वय वर्षं चौतीस, अंबडच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी, खांद्याला लॅपटॉप, गळ्यात महागाचे हेडफोन. आणि मी नाशकातल्या उपनगर भागात एका विहारामागच्या अभ्यासिकेच्या पायरीवर, लोकांच्या चपलांशेजारी बसलेलो. आतून एका म्हाताऱ्या बाईच्या गाण्याचा आवाज येत होता. मध्येच दार किलकिलं झालं आणि एक ठेंगणी, चष्मा केसांवर चढवलेली बाई म्हणाली, "ऐकू येतंय ना? मग ऐका. आत येऊनसुद्धा तेच करायचंय."

दार पुन्हा बंद.

मी तिथे गेलो होतो तो मोबाइलवर फिरत आलेल्या एका मेसेजमुळे. "संगीताची सॉफ्टवेअरं आपली आपण बनवू. एक आड एक रविवार, सकाळी दहा. लॅपटॉप आणा, हेडफोन आणा, मतं घरी ठेवा." शेवटचं वाक्य मला विनोद वाटलं होतं. मी घरी बसून इलेक्ट्रॉनिक संगीत करत असे. चमत्कारिक आवाज जोडायचे, तोडायचे, उलटे फिरवायचे. नाशकात असलं काही ऐकून घेणारं माणूस मिळत नाही. म्हटलं, आपल्यासारखे चार जण भेटतील, एकमेकांचे आवाज ऐकू, वाहवा करू, चहा पिऊ. त्या खोलीत पुढची दोन वर्षं चहा भरपूर झाला. वाहवा मात्र मोजून एकदा झाली, आणि तिचं मी काय केलं ते पुढे सांगतो.

मॅडम आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या निदेशक होत्या. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, यांनी हे काढलं. सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, काखेत स्वतःचा एक्स्टेंशन बोर्ड. त्या बोर्डावर लाल नेलपॉलिशने 'सु. पगारे' असं लिहिलेलं होतं. नेलपॉलिशचा त्यांनी दुसरा काही उपयोग केलेला मी पाहिला नाही. सुनंदा हे नाव फक्त गयाबाई वापरायच्या. आम्ही सगळे 'मॅडम' म्हणायचो आणि त्या आम्हाला आडनावाने हाक मारायच्या, वर्गात हजेरी घ्यावी तशी.

त्यांच्या खोलीत तीन शब्दांना बंदी होती: 'साधारण', 'बघू' आणि 'चालतंय'. शेवटच्यावर विशेष राग. कोणी म्हटलं, "मॅडम, चालतंय आता," की त्या हातातलं काम ठेवून वळायच्या. "चालतंय म्हणजे बिघडलंय. फक्त तुला अजून कळलेलं नाही."

आणि एक वही होती. बिघाड वही. लांबडी, बाइंडिंगची, आत पट्टीने आखलेले रकाने: क्रमांक, काय झालं, कोणी पाहिलं, कारण, उपाय. काहीही अडलं की आधी वहीत नोंद, मग हात लावायचा. कारण सापडेपर्यंत तो रकाना मोकळा राहायचा. तिथे 'माहीत नाही' असं लिहायला परवानगी नव्हती. "माहीत नाही हे कारण नसतं," त्या म्हणायच्या, "ती आपली अवस्था असते."

सुरुवातीला दहाबारा जण यायचे. हळूहळू गळत गळत आम्ही तिघे उरलो. एक इरफान, जुन्या नाशकातला, लग्नाच्या बँडमध्ये ऑक्टोपॅड वाजवणारा, गरज पडली तर कीबोर्डही. त्याला कोडिंग येत नव्हतं, पण त्याच्याइतके तयार कान मी पाहिले नाहीत. दुसरा कौस्तुभ, पुण्याची नोकरी सोडून गंगापूर रोडला आईवडिलांकडे परतलेला, आमच्यातला खरा प्रोग्रामर. आणि मी. शिवाय भिंतीला टेकून, पाय पसरून बसलेल्या गयाबाई.

सगळं सुरू झालं होतं ते गयाबाईंमुळे. त्या मूळच्या सिन्नरकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या. नवऱ्याची गायन पार्टी होती, तिच्यात त्या तरुणपणापासून गात आलेल्या. नवरा गेला, पार्टी मोडली, तरी जयंतीला, वर्षावासाला लोक त्यांना बोलवत. मॅडम त्यांच्या कॉलनीतल्या शेजारी. एका कार्यक्रमात साथीला नवा कीबोर्डवाला होता. गयाबाई गायला लागल्या आणि त्याने दुसऱ्या कडव्याला हात उचलला, माइकमध्ये म्हणाला, "आजी, सुरात या की."

लोक हसले. गयाबाई दोन कडवी गप्प बसल्या.

मॅडम समोरच्या रांगेत होत्या. तो प्रसंग सांगताना त्यांचा आवाज अजून चढायचा. "तीस वर्षं मी त्या बाईला ऐकतेय. ती बेसूर नाहीये. तिचा गंधार तिच्या जागेवर आहे, त्या मशीनचा त्याच्या जागेवर. आणि तिसऱ्या कडव्याला ती जराशी वर सरकते, सगळं गाणं बरोबर घेऊन सरकते. मग बेसूर कोण?"

कौस्तुभ म्हणाला, "मॅडम, कुठल्याही कीबोर्डवर सूर खालीवर करायचं बटण असतं."

"मला शिकवतोस? मी ते बटण सोल्डर केलंय. तिसऱ्या कडव्याला ते दाबणार कोण?"

"पण थोडं ॲडजस्ट केलं तर..."

"कोणी?" मॅडम म्हणाल्या. "ॲडजस्ट कोणी करायचं ते आधी ठरवू."

तर बनवायचं होतं ते एवढंच: गाणाऱ्याच्या माइकमधून आवाज ऐकायचा, त्याचा प्रत्येक सूर नेमका कुठे लागतोय ते मोजायचं, आणि त्याप्रमाणे कीबोर्डची प्रत्येक पट्टी गाताना जागच्या जागी जुळवत जायची. गाणाऱ्याने यंत्रामागे जायचं नाही, यंत्राने गाणाऱ्यामागे चालायचं. त्यासाठी एक मोफत सॉफ्टवेअर आम्ही वापरत होतो. त्यात पडद्यावर चौकोन मांडायचे आणि रेषांनी जोडायचे. एक चौकोन ऐकतो, दुसरा मोजतो, तिसरा वाजवतो. नळाची पाइपलाइन टाकावी तसं. कुठे गळतंय ते शोधण्यात रविवार जायचा.

या वस्तूला आम्ही नाव देऊ पाहिलं. इरफानने 'हमसफर' सुचवलं, कौस्तुभने काहीतरी इंग्रजी. मॅडम म्हणाल्या, "आधी मूल होऊ दे, मग बारसं." त्यामुळे ते शेवटपर्यंत 'ते' राहिलं.

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायचा. मी माझे आवाज घेऊन आलो होतो, ते कोणी विचारलेच नाहीत. एकदा धीर करून मी माझं एक काम ऐकवलं. सहा मिनिटांचं होतं. मॅडमनी पूर्ण ऐकलं, हेडफोन काढले आणि म्हणाल्या, "छान आहे. पण कोणासाठी आहे?" मी लॅपटॉप मिटला. त्या परत वहीकडे वळल्या. घरी येताना द्वारकेच्या सिग्नलला मी ठरवलं की आता जायचं नाही. पुढच्या वेळी पावणेदहाला मी तिथे होतो.

का जायचो? इरफानलाही मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "यार देवरे, बँडमध्ये मला चार वर्षांत कोणी सांगितलं नाही की तू चुकीचं वाजवलं. इथे ही बाई दर रविवारी सांगते. बुरा लगता है. पण ती ऐकते म्हणून सांगते ना."

त्यांची आयटीआयमधली एक गोष्ट इरफानला फार आवडायची. मॅडम तिथे रुजू झाल्या तेव्हा वर्कशॉपमधली सगळी स्टुलं उंच, पुरुषांच्या मापाची. मॅडमचे पाय लोंबकळायचे, टेबलावर वाकलं की तोल जायचा. त्यांनी अर्ज केला. उत्तर आलं नाही. दुसरा केला. वरिष्ठ म्हणाले, पगारे बाई, सवय होईल. त्या सोमवारी मॅडमनी सुतारकामाच्या विभागातून करवत आणली आणि पोरांसमोर एका स्टुलाचे चारही पाय सहा बोटं कापले. इरफान विचारायचा, "मग साहेब काय बोलले?" मॅडम म्हणायच्या, "काय बोलणार? स्टूल डुगडुगत नव्हतं. माप घेऊन कापलं होतं."

आता तो रविवार.

वर्षभर झालं होतं. 'ते' सूर ओळखायचं, पण उशिरा. गयाबाई पुढे जायच्या आणि कीबोर्ड मागून धापा टाकत यायचा. त्या दिवशी माझा लॅपटॉप वापरात होता, कारण तो सगळ्यांत वेगवान. कौस्तुभने मोजण्याची पद्धत बदलली होती, इरफान कीबोर्डवर बसला होता, मॅडम माझ्या खांद्यावरून आकडे बदलायला सांगत होत्या. हा वाढव. तो कमी कर. परत. गयाबाई कंटाळून म्हणाल्या, "पोरी, मला आता भूक लागली."

"एकदा, गयाबाई. शेवटचं."

सगळ्यांनी हेडफोन चढवले आणि गयाबाईंनी पाळणा धरला. पहिल्या ओळीला काही झालं नाही. दुसऱ्या ओळीला इरफानने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. कीबोर्ड मागे नव्हता. तो बाईंच्या शेजारी होता. तिसऱ्या कडव्याला त्या नेहमीप्रमाणे वर सरकल्या आणि तोही सरकला, न सांगता, हाताला धरून नेल्यासारखा. गयाबाईंनी डोळे उघडले, इरफानच्या हातांकडे पाहिलं, आणि मग एक तान घेतली. ती त्या कधी घेत नसत. 'ते' त्या तानेमागेही गेलं. चारेक मिनिटं हे चाललं. संपल्यावर कौस्तुभने टाळ्या वाजवल्या. वही मॅडमच्या मांडीवर उघडी होती आणि पान कोरं होतं. ऐकताना त्या लिहायच्या विसरल्या होत्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. घरी पाहुणे येऊन बसले होते, बायको चिडली होती. मी घाईने लॅपटॉप आवरायला घेतला. पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या, एक 'ते' आणि एक माझं घरचं काहीतरी अर्धवट. बंद करताना सॉफ्टवेअरने दोनदा विचारलं, बदल साठवायचे का? मला वाटलं माझ्याच फाइलबद्दल विचारतंय. मी दोन्ही वेळा 'नाही' दाबलं.

ते मला कळलं रात्री जेवताना. उठून लॅपटॉप उघडला, तर 'ते' जुनंच होतं.

पंधरा दिवसांनी सगळे लवकर आले होते. गयाबाई नवी साडी नेसून आल्या होत्या. मी लॅपटॉप उघडला आणि म्हणालो, "मॅडम, त्या दिवशी हे आपोआप बंद पडलं. घरी उघडलं तर जुनंच होतं."

एवढं सोपं होतं खोटं बोलणं. वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मॅडमनी पेन उचललं. क्रमांक सतरा. काय झालं: काम चालू असताना सॉफ्टवेअर आपोआप बंद पडले, बदल नाहीसे झाले. कोणी पाहिलं: देवरे. कारण: मोकळं.

मला वाटलं, दोनचार रविवार जातील, ते आकडे पुन्हा सापडतील, विषय मागे पडेल. मॅडमना मी ओळखलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "आकडे नंतर. जे आपोआप बंद पडतं ते मी गयाबाईंपुढे ठेवणार नाही. भर कार्यक्रमात बंद पडलं तर? आधी सतरा नंबर."

आणि शोध सुरू झाला. नसलेल्या बिघाडाचा.

पाच महिने. दर वेळी एकेक चौकोन सुटा करून तासतासभर चालू ठेवायचा, बंद पडतो का बघायचं. लॅपटॉप गरम करून बघितला. पंख्यासमोर थंड करून बघितला. विजेचा दाब कमीजास्त होतो का म्हणून मॅडमनी मीटर आणला. घरूनसुद्धा त्या प्रयोग करायच्या आणि सकाळी मला फोन यायचा, "देवरे, त्या दिवशी चार्जर लावलेला होता का? नीट आठव." मी आठवल्यासारखं करायचो. "हो मॅडम, बहुतेक." "बहुतेक नको. हो की नाही?" मी 'हो' म्हणायचो. त्या लिहून घ्यायच्या.

प्रत्येक वेळी आता सांगू, आता सांगू असं व्हायचं. पण एक आठवडा गेला की सांगणं एका आठवड्याने जड व्हायचं. आणि गंमत म्हणजे मी मॅडमवरच चिडायला लागलो. सोडून का देत नाही ही बाई? एवढा काय हट्ट? घरी बायकोजवळ मी त्यांना नावंही ठेवली.

कौस्तुभचा संयम संपला. तो म्हणाला, "मॅडम, मी सगळा कोड पाहिलाय. असा बिघाड नाहीच. आपण वेळ घालवतोय. त्यापेक्षा मोठ्या स्पीकरवर तपासू. आपण आजवर सगळं हेडफोनवर केलंय, स्टेजवर स्पीकर असतात."

"देवरेने डोळ्यांनी पाहिलंय."

"मग देवरेची चूक झाली असेल."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "चूक झाली का तुझी?"

इरफान बघत होता. गयाबाई बघत होत्या. मी म्हणालो, "नाही मॅडम. बंदच पडलं होतं."

कौस्तुभने शांतपणे वायर गुंडाळल्या. जाताना म्हणाला, "सॉरी मॅडम, माझ्याकडून नाही होणार." मॅडमनी त्याला थांबवलं नाही. दार लागल्यावर म्हणाल्या, "हुशार आहे. पण पुरावा असताना नाही म्हणतो." पुरावा म्हणजे मी.

मग सिन्नरजवळच्या एका गावातून गयाबाईंना जयंतीच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. मॅडमनी मनाविरुद्ध ठरवलं की 'ते' न्यायचं. सतरा नंबर सापडला नव्हता, आकडेही पूर्ण जुळले नव्हते, पण बरंचसं जमत होतं. स्पीकरवर तपासायचं राहून गेलं होतं. तो विषय वहीत पुढच्या पानावर होता.

संध्याकाळी सातला मंडपात खुर्च्या भरल्या. दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर. गयाबाईंनी पहिली ओळ म्हटली आणि इरफानने साथ धरली. दोनतीन ओळी बरं गेलं. मग कीबोर्डचा आवाज स्पीकरमधून बाहेर पडला आणि गयाबाईंच्या माइकमध्ये शिरला. 'ते'ला वाटलं, ही बाईच गातेय. ते त्या आवाजामागे जरासं वर गेलं. तो वर गेलेला आवाज पुन्हा माइकमध्ये आला. ते आणखी वर गेलं. स्वतःच्याच मागे लागलं ते. इरफानचे हात जागेवर होते आणि सूर वर वर चढत चालले होते, बाई एकीकडे, साथ दुसरीकडे. पोरांनी कान झाकले. मागून कोणीतरी शिट्टी मारली.

गयाबाईंनी हात वर केला. "ह्याला बंद करा बरं."

मी वायर ओढली. गयाबाई ढोलकीवाल्याकडे बघून म्हणाल्या, "तू धर," आणि नुसत्या ढोलकीवर तास-दीड तास गायल्या. लोक उठले नाहीत. मॅडम मंडपाच्या कडेला, जनरेटरजवळ, एक्स्टेंशन बोर्ड छातीशी धरून उभ्या होत्या.

कार्यक्रमानंतर जेवताना मी गयाबाईंशेजारी बसलो. म्हणालो, "आजी, तुम्हाला त्रास झाला."

"मला कसला?" त्या म्हणाल्या. "मी अशीच गाते. सोबत मिळाली तर बरं, नाय मिळाली तरी गळा हाय. त्या कीबोर्डवाल्या पोरानं तवा बोललं ना, मला तेवढं नाय लागलं. मला लय लोक बोलले जन्मात. सुनंदाला लागलं." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तिला सांग आता, पुरे. म्हातारपणी एवढं चिडू नाय."

मी ताट घेऊन उठलो.

पुढच्या रविवारी आम्ही तिघंच होतो. मॅडमनी वही उघडली. चेहरा ओढलेला होता. म्हणाल्या, "मी विचार केलाय. सतरा नंबर आणि परवाचं हे एकच असणार. ते जेव्हा स्वतःच्या मागे लागतं तेव्हा शेवटी बंद पडत असेल. त्या दिवशी खोलीतसुद्धा तसंच झालं असेल. माझंच काहीतरी चुकलंय, देवरे. त्या दिवशी शेवटचा आकडा मी सांगितला होता. कोणता सांगितला तेच आठवत नाही. मी लिहायला हवं होतं. तीस वर्षं पोरांना सांगत आले, आधी लिहा."

तेव्हा मी सांगितलं. सगळं. फोन, पाहुणे, दोन खिडक्या, दोनदा 'नाही'.

इरफान म्हणाला, "अरे यार," आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

मला वाटलं, मॅडम आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली, पेन वर ठेवलं.

"लिहा," त्या म्हणाल्या.

दीड वर्ष त्या मला 'अरे देवरे' म्हणत आल्या होत्या. ते त्या दिवशी थांबलं.

मी सतरा नंबरसमोर कारणाच्या रकान्यात लिहिलं: बिघाड नव्हता. देवरेने बदल साठवले नाहीत व खोटे सांगितले. अक्षर वाईट आलं. मॅडमनी वाचलं. म्हणाल्या, "पाच महिने मी माझी चूक शोधत होते." मग म्हणाल्या, "कौस्तुभला फोन करा. आत्ता. तो बरोबर होता म्हणून सांगा."

मी बाहेर पायरीवर जाऊन फोन केला. कौस्तुभ ऐकून घेऊन म्हणाला, "मला वाटलंच होतं." मी म्हटलं, "येशील का परत?" तो म्हणाला, "नाही रे. तू सांगितलंस ते बरं केलंस, पण आता नाही."

त्यानंतर मला कोणी काढलं नाही. मॅडम तसं करणाऱ्या नव्हत्या. मी जायचो, त्या 'या' म्हणायच्या. माझ्या लॅपटॉपला मात्र त्यांनी परत हात लावला नाही. गयाबाई यायच्या बंद झाल्या. मॅडम दोनदा घरी जाऊन त्यांना समजावून आल्या. "मला मशीन नको, तू चहाला ये," एवढंच त्या म्हणाल्या. लग्नसराई आली, इरफान अडकला. मग नांदगावला मॅडमची थोरली बहीण घसरून पडली, कमरेचं हाड मोडलं, तिला बघायला घरात दुसरं कोणी नव्हतं. ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला, "पुढील सूचनेपर्यंत रविवार बंद." पुढील सूचना आली नाही. अभ्यासिकेत आता स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात.

गेल्या महिन्यात आईला सटाण्याच्या गाडीत बसवायला मी स्टँडवर गेलो होतो. आमची गाडी लागायची होती. शेजारच्या फलाटावर नांदगावची बस उभी होती, आणि खिडकीत मॅडम होत्या. मांडीवर लॅपटॉप, कानाला हेडफोन, कपाळाला आठ्या. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटी मी पत्र्यावर थाप मारली.

त्यांनी एक कान मोकळा केला. "देवरे." ना आश्चर्य, ना राग. "बरं झालं भेटलात. हे ऐका."

खिडकीच्या गजांमधून त्यांनी हेडफोन बाहेर दिले. वायर जेमतेम पुरत होती. मी टाचा उंचावून कानाला लावले. गयाबाईंचं जुनं रेकॉर्डिंग होतं, आणि त्यामागे कीबोर्ड. बसचं इंजिन सुरू झालं होतं, खिडकीचा पत्रा थरथरत होता, तरी ऐकू आलं. तो बाईंच्या अगदी जवळ होता. केसाएवढा मागे.

"मागे पडतंय," मी म्हणालो.

"ते मलाही कळतंय. का पडतंय?"

मी पुन्हा ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. कंडक्टरने घंटी मारली.

"नाही सांगता येत, मॅडम."

त्यांनी मान हलवली आणि हात पुढे केला. मी हेडफोन परत दिले. बस मागे सरकू लागली तेव्हा ते त्यांच्या कानावर होते आणि त्या पडद्याकडे बघत काहीतरी बदलत होत्या. वळताना त्यांनी बाहेर पाहिलं नाही.

आई पिशवी घेऊन माझ्यामागे येऊन उभी होती. तिच्या अहिराणीत म्हणाली, "कोन शे ती बाई?"

"आमच्या मॅडम."

"चिडेल दिखस."

"हो, चिडलेल्या दिसतात," मी म्हणालो. "पण माझ्यावर नाही आता."